एकतीस फेब्रुवारीचा माल

...आणि वर काय म्हणतात, तर जाता जाता एवढं करून जा. आता तुम्हीच सांगा, माणूस निवृत्त झाला, शाल-नारळ घेतला, बायको विनिता सामान घेऊन गुहागरच्या घरी पुढे गेलीसुद्धा, आणि आमचा शेजारी सलिल कोपरीत एकटाच कालच्या भाताला फोडणी देत बसलाय. का? तर डोंबिवली एमआयडीसीतल्या त्याच्या रंगाच्या कंपनीला मॉडर्न व्हायचंय. विनिता रोज फोन करते, "कधी येताय?" हा रोज म्हणतो, "एवढी एक फाईल झाली की निघालोच."

फाईल म्हणजे कागदाची नव्हे हो. कंपनीत एक जुनं कॉम्प्युटर मशीन आहे, एएस फोर हंड्रेड. इतकं जुनं, की दसऱ्याला झेंडू वाहून वाहून त्याच्या जाळीतून रोप उगवलेलं मी स्वतः पाहिलंय, नसेल पटत तर सोडा. कंपनीच्या सगळ्या नोंदी त्यातल्या जुन्या पद्धतीच्या फायलींत. नव्या मॅनेजर प्रियांका मॅडम म्हणाल्या, "सर, या फायली मोडून एसक्यूएल डेटाबेसमध्ये नवीन टेबलं करा ना. सिंपल आहे."

सिंपल... तुम्हाला सांगतो, जुनी फाईल म्हणजे माळ्यावरची ट्रंक, आत काहीही कोंबा, हूं की चूं करत नाही. नवीन टेबल म्हणजे सोसायटीचा वॉचमन, दारातच अडवतो. माल पाठवायची तारीख जुन्या फायलीत नुसता आकडा होती, नव्या टेबलात ती खरीखुरी तारीख झाली, आणि ढीगभर ऑर्डरी दारातच अडकल्या. तारीख काय त्यांची? एकतीस फेब्रुवारी.

सलिलने गोडाऊनच्या कमळाबाईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो साहेब, शेठ ज्यांच्यावर रुसलेत ना, ती ही गिऱ्हाइकं. कुणी लग्नात शेठना जेवायचा आग्रह केला नाही, कुणी टेंभी नाक्यावर बघून न बघितल्यासारखं केलं. ऑर्डर घ्यायची, तोंडावर नाही म्हणायचं नाही, आणि तारीख टाकायची एकतीस फेब्रुवारी. माल त्या दिवशी निघतो."

"अहो, पण यातल्या काही ऑर्डरी तर माझ्या केसांना काळा रंग होता तेव्हाच्या आहेत."

"मग? शेठचा राग पण तेव्हाचाच आहे."

सलिल मॅडमकडे गेला. म्हणाला, "तारखेची जागा रिकामी ठेवू."

"रिकामी नको सर, रिपोर्टमध्ये वाईट दिसतं. ज्यांची तारीख चुकीची, त्यांना सरळ आजची टाका."

सलिलने समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात खिशात फोन. "कधी येताय?" झालं. त्याने उघडलेलं तोंड मिटलं, आजची तारीख टाकली आणि फोनवर म्हणाला, "एवढी एक फाईल झाली की निघालोच."

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्या शिवरामच्या हातात नव्या टेबलातून आपोआप निघालेली ही भली मोठी यादी. तो म्हणाला, "साहेब, शेठला देव भेटला काय?" आणि निघाला. कल्याण, दिवा, कोपरी, फेऱ्यांवर फेऱ्या. शेठच्या सगळ्या दुष्मनांच्या दारात रंगाचे डबे. दिव्याच्या एकाने तर दुकान कधीच बंद करून पोळीभाजी केंद्र टाकलेलं, त्याच्या कणकेच्या पिंपाशेजारी ऑइल पेंट उतरवून आला.

शेठने सलिलला केबिनमध्ये बोलावलं. सलिल काय खूश! इस्त्रीचा शर्ट घातला, विनिताला फोन केला, "आज हाकलतात बघ मला, संध्याकाळी तिकीट काढतो."

आत गेला, तर शेठचे डोळे ओले. "सलिल, माझ्या सख्ख्या मेहुण्याचा फोन आला रे. तो रडला, मी रडलो. सगळे म्हणतायत, शेठ मोठ्या मनाचा माणूस. मला जन्मात जमलं नसतं, ते तू केलंस. आता तुला सोडत नाही. उरलेल्या सगळ्या फायली तूच करायच्या."

सगळ्या. म्हणजे किती, ते मशीनलाही ठाऊक नाही हो.

रात्री आमच्या ओट्यावर बसूनच त्याने विनिताला फोन लावला.

"काढलं का?"

"नाही. ठेवून घेतलं."

ती म्हणाली, "बरं. मग विहिरीच्या पंपाला उद्या माणूस बोलावते. तुम्ही येऊन दुरुस्त कराल म्हणून इतके दिवस कळशीने पाणी काढत होते."