माइक बंद आहे, वहिनी

नाही, आधी बसा भाऊजी — उभ्या उभ्या मागितलेली माफी दारातच राहते. ती खुर्ची घ्या. हां. आता सांगा, त्या दिवशी डबिंगच्या खोलीत काय म्हणाला होतात मला? "माइक बंद आहे, वहिनी, मोकळ्या व्हा." हेच ना? शब्द बदलत नाहीये ना मी? मध्ये काच, पलीकडे तुम्ही, अलीकडे मी — आणि रेकॉर्डिंगचा तांबडा दिवा लागलेला होता हो, दिसला होता मला! पण दिव्याकडे कशाला बघू, आपलं माणूस सांगतंय ना बंद आहे म्हणून. ह्यांचे शाळेपासूनचे मित्र तुम्ही. ह्यांच्यामागे मला आवाजाचं काम तुम्हीच दिलंत. ते विसरले नाहीये मी, म्हणून तर तुम्हाला घरात घेतलं.

काल मुलगी आणि नात इथेच होत्या. नातीने हौसेने आपल्या त्या जपानी कार्टूनचा बारावा भाग लावला — तिला काय, आपली आजी पुलावर उभी राहून भुतं कापते, शाळाभर सांगत फिरते. मीही बघत होते. मला तरी कुठे ठाऊक असतं पुढे काय होणार? तुमच्याकडे आम्ही एकेकटे आत जातो, आपापली वाक्यं म्हणतो नि घरी येतो, समोरचा काय बोलला ते टीव्हीवर कळतं. तर ती म्हातारी पहारेकरीण, जिला माझा आवाज आहे — तिला डुलकी लागते, आणि तेवढ्यात भुतं तिच्या शिष्येला ओढून नेतात. तिथे माझ्या कागदावर काय होतं? एक लांब श्वास. बस्स. तीनदा दिला मी तो. आणि काल काय ऐकू आलं? म्हातारी पाठमोरी, आणि माझं त्या दिवशीचं रडणं! खरं, उचक्यांसकट — "हाक मारली असेल, आणि मी झोपले होते… मी जागी राहिले असते तर…"

लोकांना आवडलं म्हणता? आवडणारच. फुकटचं नव्हतं ते.

नात म्हणाली, "आजी, पुस्तकात ती रडतच नाही गं." तिच्याकडे ते मूळ चित्रांचं पुस्तक आहे, मांगा म्हणतात ते, उजवीकडून वाचायचं. पान काढून दाखवलं तिने. अख्ख्या पानावर एक शब्द नाही, म्हातारीचे ओठ मिटलेले. चित्र काढणाऱ्याला कळलं भाऊजी, की तिथे गप्प बसायचं असतं. त्याने मला कधी पाहिलंही नाही. तुम्ही तर काचेपलीकडून बघत होतात.

मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती, हात थांबला तिचा. "आई, ते वाक्य तुझ्या कागदावर होतं?" एवढंच. काय सांगू मी? चार वर्षं तिला सांगत आलेय, बाबा गेले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता, शांत गेले. हात कसला! दवाखान्यातल्या खुर्चीत मान टाकून झोपले होते मी, नर्सने हलवलं तेव्हा ह्यांचा हात गार पडला होता. हे फक्त तुम्हाला सांगितलं होतं. फक्त तुम्हाला! — आणि काल तिला म्हणाले, "उद्या सांगते." वेडी मी. "उद्या सांगते" म्हणजे सांगितल्यासारखंच की.

पिशवीतून काय काढताय? कागद? थांबा, चष्मा… "पहारेकरीण, रडत: मी जागी राहिले असते तर…" अगबाई! टाइप करून, मागची तारीख घालून! मुलीला दाखवायला? रात्री फोनवर तिचा प्रश्न सांगितला, तो ह्यासाठी? — हसू नका, मी रागावले नाहीये. खरं सांगू, क्षणभर वाटलं घ्यावा. एवढासा कागद, आणि चार वर्षं पुन्हा जागच्या जागी. किती सोपं करून आणलंत हो. पण मग तुमच्यात नि माझ्यात फरक काय उरला? तुम्ही मला म्हणालात माइक बंद आहे, मी तिला म्हणाले हात धरला होता. दोघंही आपले मायेनेच बोललो म्हणायचं, नाही का?

नाही, पुढच्या भागाचं मला विचारू नका. दुसरी म्हातारी बघा.

बेल. मुलगीच असेल. उचला तो कागद. आणि तिच्याशी एक अक्षर बोलायचं नाही — मी दार उघडते, तुम्ही सरळ जिना उतरा.