पक्की मुकी, कच्ची बोलकी

— नवी पाहिजे. तेच म्हणतोय मी, सगळ्यांना नवीच पाहिजे. शिरवळहून एसटीनं आलात, घरी पहिलावहिला कॉम्प्युटर घेतलाय, त्याच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलं नसेल तुमच्या मंडळींनी — नाही ना काढलं, बघा — आणि मासिकात वाचलंत की मशीन चालवणारं ते लिनक्स फुकट असतं, त्यातही टेस्टिंग म्हणून जे असतं ते सगळ्यात नवं, म्हणजे तेच चांगलं. कुणी सांगितलं तेच चांगलं? मासिकानं. मासिक येणार आहे का शिरवळला मशीन बसल्यावर? नाही येणार. मग तुम्ही पोवई नाक्यावर याल, माझ्या या काउंटरला कोपर टेकाल आणि म्हणाल, चिंतामणराव, काहीतरी करा. — बसा, उभं राहून नवीजुनी कळत नाही. ही डावीकडची सीडी, ही स्टेबल. पक्की. बनवणाऱ्यांनी तपासली, जगाच्या शिव्या खाल्ल्या, दुरुस्त केली आणि आता हिला कुणी हात लावायचा नाही म्हणून बाजूला ठेवली. जुनी आहे? आहे की. मुरलेलं लोणचं जुनंच असतं. आणि ही उजवीकडची, टेस्टिंग. कच्ची. म्हणजे तपासणी चालू आहे, आणि तपासणार कोण? तुम्ही. आज चालेल, उद्या प्रोग्रॅमचा नवा तुकडा आला की प्रिंटर मरेल, परवा प्रिंटर उठेल आणि माऊस मरेल. आकड्यावरनंसुद्धा कळतं — त्याचा गाभा असतो ना, कर्नल म्हणतात त्याला, त्याचा मधला आकडा सम असला की पक्का, विषम असला की कच्चा. इतकं उघड लिहून ठेवलंय बिचाऱ्यांनी. पण वाचतो कोण. सगळे हुशार. परवा एक कोयनानगरचा आला होता, कॉलनीत राहणारा, म्हणे आमच्याकडं जमीनच हलते हो, मशीनचं काय घेऊन बसलात. म्हटलं घेऊन जा बाबा, शोभेल तुला.

पक्की घेऊन फसलेला? — आहे ना. एकच माणूस बघितला मी, आणि तो डोळ्यांनी आंधळा आहे, तेव्हा त्याचं उदाहरण तुम्हाला लागू नाही. ऐकायचंय? कशाला? तुमचे डोळे धड आहेत. — बरं, तुमची एसटी सुटलीच आहे म्हणता, तर ऐका. हंबीरराव. सुभेदार हंबीरराव. मूळचे वडूजकडचे, मेंढरांमागं हिंडलेलं घराणं, हे फौजेत गेले, सिग्नलला होते, तारायंत्रावर, टाइपावर अख्खी नोकरी गेली. बोटं अशी चालतात अजून, की तुमच्या शिरवळच्या कारखान्यातल्या साहेबाला जमणार नाही. पेन्शनीत आले, इथं सदर बझारात दोन खोल्या बांधल्या आणि साखरेनं डोळे खाल्ले. आधी एक, मग दुसरा. आता माणसानं काय करावं, रेडिओ ऐकावा, सकाळी कुणाचा तरी हात धरून फिरून यावं, गप बसावं. नाही. यांचा पलटणीतला एक दोस्त, सरदारजी, मुलाकडं कॅनडाला जाऊन राहिलेला. त्याची पत्रं यायची. वाचून दाखवणार कोण? बायको बयाबाई — तिला इंग्रजी येत नाही, मराठीसुद्धा एसटीच्या पाटीपुरतं. मग पुतण्या, दादासो. तो वाचून दाखवायचा आणि संध्याकाळी पानपट्टीवर तेच पत्र तोंडपाठ म्हणून दाखवायचा. सरदारजीची सून सासऱ्याला काय बोलली हे सुभेदारांना दुपारी कळायचं आणि सदर बझारला दिवेलागणीला. असला नमुना. सुभेदारांनी एक दिवस त्याला काठीनं दाराबाहेर काढला आणि दोस्ताला कळवलं, आता पत्रं बंद. तर त्या सरदारजीनं काय केलं, तिकडनं येणाऱ्या कुणाबरोबर तरी एक डबा पाठवला. एवढासा, डब्यात भाजीचा खण असतो ना, तेवढा. कॉम्प्युटरला मागनं जोडायचा, की पडद्यावर जे उमटेल ते हा बोलून दाखवतो. पत्र फ्लॉपीवर येणार, फ्लॉपी पोस्टानं येणार, डबा वाचणार. आणि तो डबा घेऊन हे माझ्याकडं. म्हणे, चिंतामनराव, ह्यो बोलला पायजे.

मी म्हटलं बोलेल. त्याच्यासोबत कागद होता, त्यात लिहिलं होतं लिनक्सवर चालतो. मशीन विकलं, त्यांच्या घरी नेऊन बसवलं आणि त्यावर मी लावली पक्की. मी काय, मी सगळ्यांना पक्कीच देतो. सुंदर चालली. एक चूक नाही, एक तक्रार नाही. सुभेदार खुर्चीत बसले, मशीन सुरू झालं, सगळं उमटलं पडद्यावर, मी म्हटलं झालं, आणि हे मान वाकडी करून बसलेत. बसलेत. मग म्हणाले, बोलंना की. मी म्हटलं चालू आहे सुभेदार, सगळं बरोबर आहे, फक्त तो डबा अजून या आवृत्तीला ओळखीचा नाही, पुढच्या आवृत्तीत येईल. कवा? म्हटलं वर्षभरात. त्यावर काय म्हणाले माहितीये? म्हणाले, म्हंजे मुक्याला तुमी पक्का म्हनता व्हय. मी समजावलं, कच्चीमध्ये डबा ओळखणारा तुकडा आहे, पण ती कच्ची आहे, तिचा कर्नल कच्चा आहे. तर हसतात. म्हणतात, आमचाबी कर्नल कच्चाच हुता, पलटन चालली न्हवं. — हसू नका. असल्या माणसाशी वाद घालून बघा एकदा, मग हसा.

लावली कच्ची. माझं नाव खराब होणार हे माहीत असून लावली. पुण्याहून सीडी मागवली, तिथला एक दीडशहाणा आहे, त्याच्या पाया पडून. आणि मशीन सुरू झालं तसा तो डबा बोलायला लागला — आवाज कसा, पत्र्याच्या पिंपात माणूस कोंडल्यासारखा, इंग्रजी असं की इंग्रजालाही कळू नये. बयाबाई पदर तोंडाला लावून दाराशी गेली, म्हणाली, आवं, ह्यात कोन हाय. सुभेदारांनी स्वतःचं नाव टाइप केलं. डबा म्हणाला हॅम्बीरॅव. पुन्हा टाइप केलं. पुन्हा हॅम्बीरॅव. मला लाज वाटली, म्हटलं हे असलं काय घेऊन बसलाय हा माणूस. आणि ते म्हणाले, ह्यो मला नावानं हाक मारतोय, ऱ्हाऊ द्या.

त्यानंतर माझे हाल सुरू झाले. कच्चीचं मी तुम्हाला सांगितलं ना, सांगितलं तस्संच. कधी शेवटचं अक्षर दोनदा म्हणायची, कधी आकडे गिळायची. दर वेळी बयाबाई रिक्षा करून दुकानात हजर, भावजी, ह्यांचं ते बसलंय बगा. मी शिव्या देत जायचो, देतच होतो, तोंडावर देत होतो. म्हणायचो सुभेदार, हा उद्योग बंद करा, ज्याला दिसत नाही त्यानं तरी हलत्या जमिनीवर घर बांधू नये. ते म्हणायचे, च्या घ्या आन् मग बोला. नवी सीडी आली की तीच पाहिजे. म्हटलं चालतंय ना, मग कशाला, चालतंय त्याला हात लावू नये. नाही. त्यात आकडे सरळ म्हणतोय, असं त्या सरदारजीनं तिकडं कुणाला तरी विचारून लिहिलेलं. लावली. आणि भर दुपारी, मी ताटावर बसलेला, बयाबाई दारात. चप्पल न घालता आलेली. म्हणाली, भावजी, लगीच चला, ते काय बोलंनात.

मला वाटलं सुभेदार बोलत नाहीत. गेलो ताटावरनं उठून. तर बसलेले धडधाकट, हात त्या डब्यावर. म्हणाले, पत्र आलंय. लांबलचक आलंय. वाचत हुता, डॉक्टर मला म्हनाला की — येवढं म्हनला आन् गप झाला. मशीन बंद करून लावलं, तर आता काईच बोलत न्हाई. — लांब मजकूर आला की त्या नव्या तुकड्याचा गळा दाबला जात होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला काय दिसत होतं? मशीन होतं, फ्लॉपी होती, आणि मला इंग्रजी वाचता येत होतं. म्हटलं सुभेदार, एवढं काय त्यात, मशीन राहू द्या, उघडतो पत्र नि मी वाचतो. सरळ आहे की नाही? कुणीही हेच म्हणेल. तर आवाज चढला. फ्लॉपी काडा, म्हणाले. काढली. हातात द्या. दिली. ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली आणि वरनं गुंडी लावली. मला राग आला, का येऊ नये? मी काय दादासो आहे पानपट्टीवर सांगायला? तसं म्हणालोसुद्धा. तर म्हणाले — आवाज उतरवून म्हणाले — तसं न्हाई, चिंतामनराव. तुमी वाचलं तर ते तुमाला पैल्यांदा कळंल, मला दुसऱ्यांदा. डोळं गेल्यापास्नं सगळं मला दुसऱ्यांदाच कळतंय. कोन आलं, कोन गेलं, ताटात काय वाडलंय. माज्या बहिणीला अटॅक आला ते आदी गल्लीला कळलं. येवढं येक पत्र मला पैल्यांदा कळू द्या.

मग काय करणार, बसलो दुरुस्त करायला. जुनी सीडी अख्खी परत लावली तर मशीनवरचं सगळं पुसलं जाणार, म्हणून तिच्यातला फक्त बोलणारा तुकडा काढायचा आणि नव्यात बसवायचा, तर तो म्हणे माझं बाकीचं कुटुंबपण, ज्या फायलींवर मी चालतो त्या सगळ्या, आणा. त्याचं कुटुंब आणलं तर मशीनच उठेना. पुण्याच्या त्या दीडशहाण्याला फोन लावला, तर तो म्हणतो, अंध माणसाला कच्ची दिलीच कशाला तुम्ही, पक्की द्यायची. त्याला मी जे बोललो ते तुमच्यासमोर नाही बोलत. म्हणजे बघा, जे मी सगळ्यांना सांगतो तेच तो मला सांगत होता, आणि मला तो जगातला सगळ्यात मूर्ख माणूस वाटला. संध्याकाळ झाली, नाही जमलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही, तिकडंच गेलो. सुभेदार तसेच. दाढी नाही, नाश्ता नाही, खिशावर हात. बयाबाई म्हणाली, राती झोपल्यालंबी तसंच. आणि दुपारकडं ते जमलं. डबा म्हणाला, रेडी. रेड्डी म्हणाला, पण म्हणाला.

सुभेदारांनी खिशातनं फ्लॉपी काढली, घातली, आणि माझ्याकडं तोंड केलं. न सांगता कळलं. मी बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो, बयाबाईपण आली. पण तो पत्र्याचा आवाज, तो काय भिंतीनं अडतो? बयाबाई मला विचारते, काय म्हनतंय वो. मी म्हटलं मला नाही ऐकू येत, टांग्याचा आवाज आहे. टांगा कुठला आलाय सदर बझारात त्या वेळी. तिला कळलं असेल. नसेलही. आतलं बोलणं संपलं. सुभेदार म्हणाले, या आत. दोस्ताची नजर चाललीय, म्हणाले. त्यालाबी साखर. डॉक्टरानं सांगितलंय, एक गेला, दुसरा जानार. त्यानं इचारलंय, हंबीर, मी नवखा हाय, ह्यातलं कंचं घिऊ, पक्कं का कच्चं. — आता बघा. ज्यानं डबा पाठवला तोच विचारतोय, आणि कुणाला विचारतोय, तर ज्याला मशीनचं बटण कुठं आहे ते दाखवून द्यावं लागलं होतं त्याला. मी म्हटलं पक्की सांगा, सुभेदार. कॅनडात आहे, म्हातारा आहे, त्याचं तिथं कोण करणार. ऐकलं नाही. बसले टाइप करायला, माझ्यासमोर. आणि तो डबा दर शब्द उच्चारत होता, तेव्हा मला कान झाकायला सांगितलं असतं तर झाकले असते, पण सांगितलं नाही. लिहिलं, पक्की मुकी आहे, कच्ची घे. मोडेल. मोडली की वाट बघावी लागते, ती सवय कर. आणि आधी गावात एक माणूस बघून ठेव जो मोडल्यावर येईल. शिव्या देणारा असला तरी चालेल, माझा तसलाच आहे.

माझा तसलाच आहे. म्हणजे एवढं करून हे शिफारसपत्र. चिडका म्हातारा कुठला. — पुढं काय व्हायचंय, घेतली त्यानं कच्ची. तिकडं बसतं, इकडं बसतं, आणि दोघं एकमेकांना फ्लॉपीवर कळवतात की बसलंय. दोन आंधळे, समुद्राच्या दोन बाजूंना, आणि मध्ये मी.

— कुठलं? हे मागचं? ते माझं मशीन आहे, त्याच्याकडं बघू नका. हो, तीच. कच्चीच आहे त्यावर. आणि त्याला जोडलेला तसलाच दुसरा डबा, सरदारजीनं माझ्या नावानं पाठवला, मी मागितला नव्हता. मग? मला काय हौस आहे? इथं लावून बघतो नवी सीडी, आठवडाभर बडबडू देतो, इथं मुकी झाली की सदर बझारात लावायची नाही, एवढंच. कुणीतरी बघायला नको? ते काय बघणार आहेत? — नाही, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. मी सांगतोय ते सांगतोय, टेस्टिंग शहाण्या माणसानं घेऊ नये.

आता तुम्ही म्हणणार मला पण कच्चीच द्या. येणारच होतं ते. कशाला? तुमची पक्की मुकी आहे का? तुम्हाला तिचा प्रत्येक शब्द दिसतोय, तुमच्या मुलाला गेम दिसणार आहे, मंडळींना प्लॅस्टिक दिसणार आहे. ज्याचं पक्कीत अडतं त्यानं कच्चीत जावं आणि मोडतोड सोसावी. तुमचं काय अडलंय? नव्याची खाज, दुसरं काय. ही घ्या डावीकडची. वर्षभर चालवा, एकदा तरी तिच्यात तुमचं काहीतरी खरं अडू दे, मग या, बघू.

भेटायचंय? सुभेदारांना? नाही. लोक येतात बोलणारा डबा बघायला, आणि सुभेदार मध्ये शोभेला बसतात, ते त्यांना चालत नाही. मलाही चालत नाही. चला, उचला ती सीडी. मला बाहेर जायचंय. — कुठं जायचंय ते तुम्हाला काय करायचंय.