विसरवाडीच्या चढावरची उलटी मोटार

प्रांतसाहेबाला सगळेच घाबरायचे म्हणता? मग आमच्या निसार मिस्त्रीचं ऐका.

साहेबाच्या कचेरीतून निघताना त्याला पाठ दाखवलेली चालत नसे. वाकून, मागे-मागे पावलं टाकतच दाराबाहेर पडायचं. "तुमचं ते भंगार रस्त्यावर दिसलं तर जप्त करीन," असं तो आमच्या जुन्या मोटारीबद्दल म्हणाला, तेव्हा आम्ही चौघे दोस्त तसेच बाहेर आलो.

आणि दुसऱ्याच दिवशी मोटार काढली! हातानं जोडलेली गाडी आहे, घरात काय पुजायला ठेवायची?

विसरवाडीच्या चढाखाली बघतो तर साहेबाची नवी मोटार वाफा सोडत बंद पडलेली, शेजारी साहेब घामाघूम. आमच्या गाडीची टाकी सीटखाली. सरळ चढवली की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतच नसे, म्हणून प्रत्येक चढावर आम्ही ती उलटी चढवायचो. मिस्त्रीनं साहेबासमोरच गाडी वळवली आणि तिचं तोंड त्याच्याकडे ठेवून मागे-मागे चढवायला लागला.

साहेब कडाडला, "हा काय तमाशा? गाडी सरळ चालव!"

आम्ही तिघांनी हात जोडले. मिस्त्री बसल्या जागी कमरेत वाकला.

"सायेब, तुमले पाठ कशी दाखाडसूत?"