वीरधवलनं वाचलेले तीनशे बारा लेख

आणि वर तोंड करून म्हणायचं, की मुलींना ऑनलाइन वाचायची आवडच नाही... अहो, पण ओटीपी कुणाकडं गेला ते बघितलं का कुणी? तुम्हाला सांगतो, ज्ञानदाचं डोकं फिरलं ते ह्या एका वाक्यापायी. मुलगी सांगलीची, पीएचडीला विषय घेतलेला 'मुलामुलींचा ई-ग्रंथालय वापर', आणि त्यापायी चार महिने एसटीनं आष्ट्याच्या एका कॉलेजात हेलपाटे. तिथले ग्रंथपाल गंगाधर सर, त्यांनी यादी हातात ठेवली. वापर मुलांचा ऐंशी टक्के, मुलींचा वीस. "सरळ हाय की मॅडम, मुलींना ऑनलाइन वाचायची आवडच न्हाई. मुलींच्या बाजूचे सहा कॉम्प्युटर सोमवारी परीक्षा विभागाला देतोय."

आता ज्ञानदा जाईल तेव्हा त्या सहा कॉम्प्युटरवर मुली, एका खुर्चीवर दोघीदोघी, आणि मुलांच्या बाजूला एकटा पंखा फिरतोय... मग ऐंशी टक्के आले कुठनं? यादीत पहिला कोण, तर वीरधवल, बी.ए.चं पहिलं वर्ष. तीनशे बारा लेख वाचलेले, आणि सगळे कशावर? गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर. म्हटलं, असेल बाबा एखाद्याला कळकळ.

ज्ञानदानं त्याला गाठलं ग्राउंडवर. लष्कराच्या भरतीसाठी पळत होता. धापा टाकत म्हणतो, "लायब्ररी? ती कुठल्या मजल्यावर हाय?"

"अरे, मग तुझ्या नावानं वाचतं कोण?"

"आमची ताई. लॉगिनचा ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो न्हवं."

ताई म्हणजे रेश्मा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. गेल्या साली तिच्या वहिनीला सातव्या महिन्यात रक्त चढवावं लागलं, वहिनी जेमतेम वाचली, तेव्हापासून ही पोरगी त्याच विषयामागं लागलेली. म्हणाली, "मॅडम, आधी माझ्याच नावानं नोंदवलंतं, पण नंबर आबांचा. आबा उसात. फोन लावला की म्हणायचे, 'ओटीपी कुणाला सांगायचा न्हाई, टीव्हीवर सांगत्यात.' आवं आबा, मी तुमची पोरगी हाय, म्हटलं, तर म्हणायचे, 'समदे असंच म्हणत्यात.' तवर ओटीपीची वेळ संपायची. मग वीरधवलच्या नावानं नोंदवलं."

बाकीच्या मुलींचा ओटीपी कुणाकडं गेला? कुणाचा भावाकडं, कुणाचा चुलत्याकडं, आणि एकीचा तर नवऱ्याकडं, जम्मूला. तो ड्युटीवर गेला की हिचं वाचन बंद... बहुतेकींची नोंदणी घरच्या पुरुषांच्या नावावर, आणि गंगाधर सर म्हणतात, "यादीत ज्याचं नाव, तोच वाचक. सिस्टीम खोटं बोलत न्हाई मॅडम."

मग काय करणार? ज्ञानदा वही घेऊन दारातच बसली. चार दिवस, दहा ते पाच, आत जाणारा माणूस मोजायचा. मुली शेहेचाळीस, मुलं नऊ, त्यातली चार मोबाइल चार्ज करायला. वही नेऊन प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. प्राचार्यांनी ती दोनदा चाळली, गंगाधर सरांकडं बघितलं, आणि सांगितलं, कॉम्प्युटर हलवायचे नाहीत, नोंदणी इथून पुढं ओळखपत्रावर, मोबाइल नंबर नको.

ज्ञानदाला वाटलं, जिंकलो. धावत जाऊन रेश्माला बोलावून आणलं, म्हणाली, आता तुझं वाचन तुझ्या नावावर. सरांनी नवा छापील फॉर्म पुढं सरकवला. नाव, वर्ग, ओळखपत्र क्रमांक... आणि खाली चौकट, 'मुलींसाठी : वडिलांची सही आवश्यक.'

ज्ञानदा पुन्हा प्राचार्यांकडं जायला उठली. रेश्मानं मात्र शांतपणे पेन घेतलं आणि झोकात आबांची सही ठोकली.

"राहू द्या मॅडम," ती म्हणाली, "दहावीपास्नं मीच करतीय."