थोरल्यांची लायसन्सं

सॉफ्टवेअरवाला : म्हणजे प्लॅनिंगच्या अ‍ॅड-ऑनची लायसन्सं तीन. एक तुमचं, आप्पा. दुसरं तुमच्या धाकट्या भावाचं. आणि तिसऱ्यापुढे नुसतं ‘काकू’ लिहिलंय. या कोण?

आप्पा : माझी थोरली वहिनी. भाऊ गेला, तेव्हापासून भागीदारीत त्याच्या जागी ती आहे.

सॉफ्टवेअरवाला : त्या प्लॅनिंग बघतात?

सूनबाई : शनिवारी सह्या करायला येतात तेव्हा बघतात. परवा म्हणाल्या, स्क्रीनवरचा हिरवा पट्टा जरा फिका वाटतोय.

आप्पा : सूनबाई, मोठ्यांची टिंगल नको.

सूनबाई : टिंगल कसली, आप्पा? कोण काय वापरतं, तेच विचारायला आलेत ना हे? मी माहिती देतेय.

सॉफ्टवेअरवाला : आणि वहिनी, तुमच्या नावावर काय आहे?

सूनबाई : नुसतं मूळ सॉफ्टवेअर. त्यात गोदामात किती खुर्च्या पडल्यात ते मला दिसतं. पुढच्या कधी करायच्या, कुठल्या मशीनवर करायच्या, हे ठरवायला अ‍ॅड-ऑन लागतं. ते थोरल्यांचं.

सॉफ्टवेअरवाला : मग ठरवतं कोण?

सूनबाई : आप्पा. सकाळी येतात ते दिवस मावळेपर्यंत जागचे हलत नाहीत. तुमच्या सिस्टीमलाच विचारा.

सॉफ्टवेअरवाला : खरंच की. आप्पा, गेल्या बुधवारी तर तुम्ही दिवसभर लॉगिन होतात.

आप्पा : बुधवारी मी डॉक्टरकडे होतो. डोळ्यांत थेंब घालून बसवलं होतं मला.

सूनबाई : डोळे मिटून नियोजन. अनुभव म्हणतात तो हाच.

आप्पा : हे बघा, यात लपवाछपवी काही नाही. माझा पासवर्ड हिच्याकडे असतो आणि काम ही करते. गेटवरच्या वॉचमनलासुद्धा ते ठाऊक आहे. लायसन्सं आली तेव्हा ही घरात नवी होती. आम्ही वयाच्या मानाने वाटली आणि मोकळे झालो. भांडण नाही, तंटा नाही.

सूनबाई : भांडायला मी होतेच कुठे?

सॉफ्टवेअरवाला : आता तेच अडणार आहे. सोमवारपासून नवी आवृत्ती येतेय. ज्याच्या नावावर लायसन्स, त्यानेच मोबाईलसमोर चेहरा दाखवायचा. एकदा नाही, दर तासाला. पासवर्ड दुसऱ्याला देऊन भागणार नाही.

आप्पा : एवढंच ना? मी बसतो हिच्या शेजारी खुर्ची टाकून. दाखवतो चेहरा.

सूनबाई : दर तासाला.

आप्पा : घरात नाही का दिसत माझा चेहरा?

सूनबाई : घरात त्यावाचून काही अडत नाही, आप्पा.

सॉफ्टवेअरवाला : सरळ उपाय म्हणजे एक लायसन्स या वहिनींच्या, तुमच्या सूनबाईंच्या नावावर करायचं. चौथं मिळणार नाही, हा जुना पॅक कंपनीने बंद केलाय. तिनांतलंच एक फिरवावं लागेल. आणि एकदा फिरवलं की वर्षभर परत घेता येत नाही.

आप्पा : बघू सावकाश. आभाळ कोसळलंय का?

सूनबाई : घाई मला आहे. पलीकडच्या कपाटांच्या कारखान्याने मला बोलावलंय. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून. उद्या उत्तर द्यायचंय.

आप्पा : हे कधी झालं?

सूनबाई : त्यांनी चौकशी केली, आप्पांचा माल इतका वेळेवर कसा जातो म्हणून. आपल्याच सुतारांनी माझं नाव सांगितलं. तुमच्या तोंडून यायला हवं होतं ते तिकडून आलं.

आप्पा : घरचं सोडून परक्याच्या दारात जाणार? तुला आम्ही मुलीसारखं वागवलं.

सूनबाई : मुलींना लायसन्स देतात का, तेवढं सांगा.

आप्पा : लागतंय हं तुझं बोलणं.

सूनबाई : लागावं म्हणूनच बोलतेय. वेळेवर माल देतात म्हणून कारखानदारांनी तुमचा सत्कार केला, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तुम्ही भाषणात सगळ्यांचे आभार मानलेत. लाकूडवाल्याचे, ट्रकवाल्याचे, माईक लावणाऱ्याचेसुद्धा. मला फार वाईट वाटलं, आप्पा. टाळ्या मात्र वाजवल्या. शिस्त आहे घरची.

सॉफ्टवेअरवाला : मी जरा बाहेर थांबू का?

आप्पा : बसा हो. होतं नव्हतं ते सगळं तुमच्यापुढे निघालंय, आता उठून काय उपयोग? धाकट्याला फोन लावतो. तो समजूतदार आहे.

(आप्पा फोन लावतात. पलीकडचं बोलणं खोलीत ऐकू येत नाही.)

आप्पा : अरे, ते प्लॅनिंगचं लायसन्स... हो, तुझंच... तू वापरत नाहीस म्हणून म्हटलं... वापरतोस? काय करतोस त्यात?... बरं, उघडून ठेवतोस. मग बंद असलं तर काय बिघडेल?... नाही रे बाबा, तुझा अपमान कशाला करू मी?... आधी थोरल्या वहिनीचं काढू म्हणतोस?... बरं, ठेव.

सूनबाई : फारच समजूतदार.

आप्पा : थोरल्या वहिनीला लावतो मग.

सूनबाई : काकूंना नका लावू. त्या म्हणतील, हे गेले, आता माझं नावही काढून टाका. आणि ते खोटं नाही. तिघांत त्यांनाच ते गेलं तर खरोखर काहीतरी गेल्यासारखं वाटेल.

आप्पा : म्हणजे फिरून फिरून गाडी माझ्यावरच.

सूनबाई : मी काही बोलले का?

आप्पा : तू न बोलता जास्त बोलतेस. आणि मला काय येत नाही वाटतं यातलं? उभा कारखाना मी फळ्यावर खडूने चालवलाय. द्या तो माऊस इकडे. ही शाळेच्या बाकांची ऑर्डर ना? ही इथून उचलली, ही इथं ठेवली. झालं नियोजन.

सॉफ्टवेअरवाला : सेव्ह करू?

सूनबाई : करा की. फक्त आता बाकांना पॉलिश मंगळवारी होईल आणि त्यांचं लाकूड गुरुवारी कापलं जाईल.

आप्पा : हे सगळं लाल का झालं?

सूनबाई : लाजलं असेल.

सॉफ्टवेअरवाला : वहिनी, मागे घेऊ का?

सूनबाई : सरका, मी घेते. यातल्या दोन गोष्टी नुसतं मागे घेऊन जागेवर येत नाहीत.

आप्पा : फळ्यावर असं होत नव्हतं.

सूनबाई : फळ्यावर तीन मशिनं होती. तेव्हा तुम्ही जे केलंत ते मला जमलं नसतं, हे मी कुणालाही सांगेन. पण आजचं काम मी करते. तेवढंच तुम्हीही कुणालातरी सांगा.

आप्पा : माझं लायसन्स काढलं तर मला काय उरतं हो?

सॉफ्टवेअरवाला : बघायचा हक्क उरतो, तो फुकट असतो. सगळं दिसतं, हात लावता येत नाही.

आप्पा : म्हणजे आत्ता आहे तसंच.

सॉफ्टवेअरवाला : सिस्टीमच्या दृष्टीने बघितलं तर... हो.

आप्पा : भीती वाटते मला, खोटं कशाला बोलू? माल कधी येणार म्हणून लोक फोन करतात. मी हिला विचारतो आणि त्यांना सांगतो. तेवढ्यापुरता मी आप्पा. उद्या ते थेट हिलाच विचारायला लागले, की मी खुर्चीत बसलेला म्हातारा.

सूनबाई : खुर्ची तरी आपल्याच कारखान्यातली आहे.

आप्पा : चेष्टा पुरे. उद्या खरंच जाशील तू?

सूनबाई : जाईन. वाईट वाटेल, रडेनही बहुतेक. पण जाईन.

आप्पा : काढा माझं.

सॉफ्टवेअरवाला : आप्पा, वर्षभर परत येणार नाही. एकदा विचार करा.

आप्पा : केला. वर्षानंतरही मागणार नाही. करा हिच्या नावावर. आणि सूनबाई, त्या कपाटवाल्यांना काय कळवायचं ते तुझं तू ठरव. मी विचारायचा नाही.

सॉफ्टवेअरवाला : झालं. तुमचा फोन वाजतोय, आप्पा. शाळेच्या मुख्याध्यापकांचं नाव दिसतंय.

सूनबाई : बाकांचंच विचारत असतील. पुढच्या शुक्रवारी म्हणून सांगा.

आप्पा : हॅलो, बोला सर... हो हो, बाकं... नाही, ते मी नाही ठरवत. आमची सून ठरवते, पहिल्यापासून... थांबा, तिला देतो.