हाताकडे बघा, मावशी

(नाशिकला म्हसरूळमधल्या एका प्रशिक्षण केंद्राची खोली. पेठ तालुक्यातल्या भिमाबाई खुर्चीवर बसल्या आहेत, डोळ्यांवर जाडजूड हेडसेट. त्यांची सून आशा मागे बाकावर. समोर कॉम्प्युटरपाशी शुभांगी. द्राक्षाची थिनिंग, म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढणं, शिकवायचा हा प्रोग्राम तिने तयार केलाय. सकाळचे अकरा वाजून गेलेत.)

शुभांगी : परत गेले, मावशी. हात परत गायब झाले.

भिमाबाई : कुठं जातील? हे काय, खांद्यालाच हायेत माझ्या.

शुभांगी : तुमचे आहेत हो. आतले गेले. तुमच्या डोळ्यांवर जे आहे ना, त्याला पुढून बारीक कॅमेरे आहेत. ते तुमचे हात बघतात आणि आत तस्सेच हात तयार करतात. तुम्ही बोट हलवलं की आतलं बोट हलतं. पण तुम्ही मान फिरवली की कॅमेरेही फिरतात, मग त्यांना हात सापडत नाहीत. म्हणून सकाळपासून सांगतेय, हाताकडे बघत राहा.

भिमाबाई : बघत तर होते.

शुभांगी : उजवीकडे बघत होतात, मावशी. तुमची मान कुठे वळते ते मला इथे स्क्रीनवर दिसतं.

भिमाबाई : पुढचा घड हेरत होते मी. हातातला होईस्तोवर पुढचा हेरून ठेवायचा. पहिल्या ओळीची बाई असंच करते, मॅडम. ती हातातल्याकडंच बघत बसली तर मागच्या बाया अंगावर येतील.

शुभांगी : इथे मागे कोणी नाही. एकच घड आहे, सावकाश करा. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवून देठ धरा. हां, असं. आता उजव्या हातात कात्री आहे असं समजायचं. अंगठा नि बोट मिटलं की कात्री मिटली.

भिमाबाई : त्यापेक्षा खरी कात्रीच द्या की. आणली हाय मी.

शुभांगी : लोखंड चमकलं की कॅमेरे गोंधळतात. आतली दिसतेय ना तुम्हाला?

भिमाबाई : असंल. मिटू का?

शुभांगी : मिटा. अरे देवा.

भिमाबाई : काय झालं?

शुभांगी : घडच खाली पडला. मणी राहिले बाजूला, तुम्ही देठ कापलात. हा तिसरा.

भिमाबाई : सतरा हंगाम झाले, खऱ्या बागेत एक घड पाडला नाय मी. इचारा हिला. इथं हाताला काही लागतच नाय, तर मी काय करू? देठ लागत नाय, मणी लागत नाय. रिकाम्या परातीत भाकरी थापायला लावल्यावानी झालं हे.

आशा : खरंय ताई. आईंनी घड पाडलेला मी तरी नाय बघितला.

शुभांगी : म्हणून तर मला कळेना झालंय. दिंडोरीच्या सोमनाथभाऊंना मी विचारलं होतं, तुमच्या बागेत सगळ्यात चांगला हात कुणाचा? ते म्हणाले, दुसरं नावच नाही, भिमाबाईंचेच हात घ्या. दिवाळीनंतर नवीन चाळीस मुली येणार आहेत. त्या हेडसेट घालतील, समोर तुमचे हात चालतील, त्यावर त्या आपले हात ठेवून शिकतील. आणि बारा वाजता तुमचे मुकादम येणार आहेत बघायला. त्यांना काय दाखवू मी, पडलेले तीन घड?

आशा : मुकादमांना सगळं दिसणार का?

शुभांगी : मोठ्या स्क्रीनवर लागतं ना. शिवाय प्रोग्राम आपोआप रिपोर्ट काढतो. किती घड झाले, किती मणी काढले, शिकवणाऱ्याची नजर किती वेळ हातावर होती. आत्ता लिहिलंय, शंभरात चार.

आशा : ते पुसता नाय येत?

शुभांगी : पुसायचं कशाला?

भिमाबाई : आशे, तू गप बस.

शुभांगी : काय झालं?

भिमाबाई : काय नाय. काढा हे टोपडं. माझ्याच्यानं व्हायचं नाय. झुंबर मुकादम आला की सांगा, बाईला मशीन जमलं नाय. अडाणी हाय म्हणा. चालंल मला.

शुभांगी : मला नाही चालणार. मावशी, रागवू नका, एक विचारते. परवापासून नऊ जणांवर हे करून बघितलंय मी. आमच्या ऑफिसातला राकेश, चहावाले काका, माझी आई. प्रत्येक जण पहिल्यांदा आपल्या हाताकडे असा टक लावून बसतो, जसं काही कुणी ते पळवून नेणार आहे. तुम्ही एकट्या अशा, की एकदाही बघितलं नाही. आधी मला वाटलं मशीन बिघडलं. मशीन ठीक आहे. तुम्हाला जवळचं दिसत नाही का?

आशा : ताई, पाणी देऊ का त्यांना?

भिमाबाई : पाणी नको. दार लाव ते.

आशा : लावलं.

भिमाबाई : आता ऐक पोरी. तुला सांगते, पण झुंबरच्या कानावर गेलं तर माझा हंगाम बुडाला. पाच वर्षं झाली. आधी सुईत दोरा जाईना. मग तांदळातले खडे दिसंनात. मग एक दिवस मांडवाखाली उभी राहिले, हात वर केला, आणि घडाच्या जागी नुसता हिरवा गोळा. मणी कुठला, मण्यांच्या झुबक्याची पाकळी कुठली, काही कळंना. पण हाताला सगळं ठाऊक होतं. डोळे दुसरीकडं वळवले आणि बोटं सोडली घडात. बोटांनी बरोबर सांगितलं, हा आत दबलाय, हा बारका राहिलाय, ही पाकळी जास्तीची. तवापासून असंच चाललंय. हिरव्या गोळ्याकडं बघितलं की हात चुकतो, म्हणून बघतच नाय.

शुभांगी : पाच वर्षं? आणि डोळे दाखवले नाहीत?

भिमाबाई : दाखवले ना. शिबिरात दाखवले, चष्मा बी दिला त्यांनी. पेटीत हाय, लुगड्याच्या घडीत.

शुभांगी : मग घालत का नाही?

भिमाबाई : आमच्या टोळीत यशोदाबाई होती. माझ्याही आधीची. एका सकाळी चष्मा घालून आली. लय खूश होती, म्हणली, भिमा, आज कात्री कशी पळंल बघ. झुंबरनं बघितलं. ओरडला नाय, काही नाय. म्हणला, मान वर करून काम करायचं, चष्मा घसरायचा, घाम यायचा, घड खराब झाला तर शेठ माझी मान धरंल. मावशी, तुम्ही आता सावलीत बसा, लेकरं सांभाळा. गोडच बोलला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिची कात्री दुसरीच्या हातात होती. यशोदाबाई झोळीला झोका देत बसली. मी पहिल्या ओळीत होते, तिच्याकडं बघायची हिंमत झाली नाय माझी. पुढच्या हंगामाला ती जीपमध्ये चढलीच नाय.

शुभांगी : ते चुकीचं आहे.

भिमाबाई : चूक-बरोबर तू मला नको सांगू. मला त्या झोळीपाशी बसायचं नाय. बास. गावात काही मला कुणी ओळखत नाय, पण मांडवाखाली गेले की चाळीस बाया माझ्या हाताबरोबर चालतात. ते गेलं तर मला काय राहिलं? भ्या वाटतं मला. मोकळं सांगते.

शुभांगी : लांबचं दिसतं तुम्हाला?

भिमाबाई : लांबचं इचारू नको. समोरच्या डोंगरावर चरणारी गाय कुणाची, ते सांगंन.

शुभांगी : मग एक ऐका माझं. अजून दोन मिनिटं हे डोळ्यांवर राहू दे आणि एकदाच, एकदाच आपल्या हाताकडे बघा.

भिमाबाई : काय उपयोग?

शुभांगी : यातला घड जवळ वाटतो, पण भिंगं अशी आहेत की डोळ्याला पाच-सहा फुटांवरचं बघितल्यासारखं होतं. तुमची लांबची नजर चांगली आहे म्हणताय, म्हणजे दिसायला पाहिजे. सकाळीच दिसलं असतं. तुम्ही बघितलंच नाही, मावशी. सवयीने तोंड फिरवून बसलात.

भिमाबाई : इतकं सोपं असतं होय.

शुभांगी : नाही दिसलं तर मी स्वतः काढते. बघा.

आशा : बघा ना आई.

शुभांगी : हां. आता मान खाली. अजून थोडी. झालं, हात आले स्क्रीनवर. मावशी? काय दिसतंय? बोला की.

भिमाबाई : थांब.

शुभांगी : धूसर आहे का?

भिमाबाई : थांब म्हणते ना. मण्याला देठ हाय. बारीक. केसावानी. आशे, मण्याचा देठ दिसतोय गं मला.

आशा : बघा, आई. सावकाश बघा.

भिमाबाई : ही वरची पाकळी दाट झालीय. ही काढायची. आणि हा आतला, ह्याला फुगायला जागा नाय, हा जाणार. हा बी. ह्याला राहू दे, हा चांगला हाय.

शुभांगी : कापा. मिटा बोटं.

भिमाबाई : मिटली.

शुभांगी : बरोबर. पुढचा. बरोबर. मावशी, थांबू नका, हात एकदाही हरवला नाही. बारा, तेरा. बाप रे, काय वेग आहे. आशा, इकडे ये, बघ स्क्रीनवर.

आशा : मांडवाखाली अशाच चालतात त्या. असाच हात.

भिमाबाई : झाला घड. ही बोटं लय गोरी दिली तू मला, पोरी. ही माझी नाय. माझ्या डाव्या बोटांना वण हायेत.

शुभांगी : कशाचे?

भिमाबाई : कात्रीच्या टोकाचे. चाचपून कापायचं म्हणजे टोक बोटात जातंच कधीतरी. हिला सांगते, तार लागली मांडवाची.

आशा : तार लागली की सरळ ओरखडा पडतो, आई. टोक लागलं की भोक पडतं.

भिमाबाई : म्हणजे?

आशा : संध्याकाळी तुमच्या बोटांना हळद कोण लावतं? मीच ना. मला नाय कळणार?

भिमाबाई : कधीपासून ठाऊक हाय तुला?

आशा : लग्न होऊन पहिल्या हंगामाला आले तेव्हापासून. चार वर्षं.

भिमाबाई : आणि बोलली नाय.

आशा : काय बोलू? तुम्ही लपवत होता, म्हणून मी बी लपवलं. मुकादमांनी दोनदा विचारलं मला. म्हणले, सासूची नजर कशी हाय? कमी झाली असंल तर सांग, पहिली ओळ तुला देतो. मी म्हणलं, आमच्या आई अंधारात बी मणी मोजतील.

भिमाबाई : पहिली ओळ देत होता तुला?

आशा : हो.

भिमाबाई : खुळे. अजून काय लपवलंस, ते बी सांगून टाक.

आशा : रागवाल.

भिमाबाई : सांग.

आशा : तुमच्या मागच्या ओळीला मी मुद्दाम उभी राहते. तुमचे घड एकदा बघून घेते. वीस-पंचवीस घडांत एखादा मणी जास्त राहिलेला असतो, तेवढा काढते. तेवढाच, आई. बाकी सगळं तुमचंच काम हाय. शप्पथ.

भिमाबाई : माझ्या घडाला तुझी कात्री.

आशा : रागवणार म्हणलं होतं मी.

शुभांगी : मावशी, हेडसेट काढू का? ओलं झालंय आतून.

भिमाबाई : काढ. घाम हाय तो.

शुभांगी : हो. घामच. हळू, केस अडकतील. झालं.

भिमाबाई : चाळीस बाया माझ्या हाताबरोबर चालतात म्हणून मिरवत होते मी. आणि ही पोर चार वर्षं माझ्या मागं झाकत फिरतीये. पहिली ओळ सोडून. ह्या वयात तिला ती ओळ मिळाली असती तर पुढं किती गेली असती.

आशा : मला नको होती अशी.

भिमाबाई : मुलींना ते रेकॉर्ड दाखवशील ना, पोरी, तर शेवटचाच घड दाखव. आधीचे तीन बी ठेव पण. माझं नाव घेऊन सांग, ही बाई हाताकडं बघत नव्हती म्हणून घड पडले. पोरींना चाचपून कापायला शिकवू नको. बोटं फुटतात.

शुभांगी : आणि मुकादमांना? रिपोर्ट?

भिमाबाई : तो हाय तसा दे. कात्री घेतो का काय करतो ते त्यालाच करू दे तोंडावर. चष्मा घालूनच उभी राहणार हाय मी मांडवाखाली. घसरला तर दोरी बांधीन मागनं. आता तो लुगड्यातनं काढायला घरी जावं लागंल तेवढं.

आशा : लुगड्यात नाय तो.

भिमाबाई : मग?

आशा : माझ्या पिशवीत हाय. बागेत जाताना रोज घेते बरोबर. वाटायचं, कधीतरी मागाल.

भिमाबाई : आण इकडं.

आशा : थांबा, पुसून देते. धरा. असा नाय, उलटा धरलाय.

शुभांगी : मुकादमांचा फोन येतोय, मावशी. खाली गाडी लावतायत म्हणे.

भिमाबाई : येऊ दे. आशे, अशी उजेडाला बस जरा. तुझ्या भुवईत हा वण कशाचा गं?

आशा : लहानपणी कैऱ्या पाडताना दगड लागला होता.

भिमाबाई : चार वर्षं एका ताटात जेवतोय आपण. बस, हलू नको. बघू दे मला.