ताईचं सेटिंग

ताई : फायली सगळ्या आहेत, ते दिसतंय मला. मी फायलींचं विचारतच नाहीये.

धाकटी : मग कशाचं? व्हायरस शिरला होता, कॉम्प्युटर पुसून नव्याने बसवावा लागला. तुझं एकूण एक काम मी आधी काढून ठेवलं. फोटोसुद्धा.

ताई : माझं सेटिंग गेलंय. हे बघ, 'रुग्ण' लिहायला घेतलं तर काय उमटतंय. ररररुगगग.

धाकटी : हात तुझा थरथरतोय. त्याला कॉम्प्युटर काय करणार?

ताई : करत होता ना. एक बटण दाबलं की तेच लगेच दुसऱ्यांदा दाबलेलं तो धरायचाच नाही. माऊसचा बाणही सावकाश चालायचा. जरा कमी कर, जरा जास्त कर, असं खपून खपून बसवलं होतं मी ते. कुणाला पत्ता लागला नाही.

धाकटी : मला माहीत होतं.

ताई : तुला मीच सांगितलं होतं. दुसरं होतं कोण मला सांगायला?

धाकटी : मग बसव परत.

ताई : बदलायला गेलं की पासवर्ड मागतोय. आधी नव्हता मागत.

धाकटी : मी घातलाय. यापुढे कुणाला काही बदलायचं असेल तर मला विचारून.

ताई : बरं बाई, विचारते. अगं, त्या सेटिंगची कॉपीही काढली होती मी. 'ताई सेटिंग' नावाचा फोल्डर. कॉम्प्युटर बिघडलाच तर हाताशी असावी म्हणून.

धाकटी : आणि ठेवला कुठे होतास फोल्डर?

ताई : याच कॉम्प्युटरवर.

धाकटी : वा. जास्तीची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतलंस की.

ताई : हसू नकोस. तू सगळं काढून ठेवलंस म्हणालीस. म्हणजे तो फोल्डरही तुझ्याकडे आला असेल.

धाकटी : आलाय.

ताई : हुश्श. जीव भांड्यात पडला बघ. टाक लवकर, दवाखान्याची माणसं येतीलच एवढ्यात.

धाकटी : ती गेली की टाकते.

ताई : गेल्यावर काय उपयोग? डॉक्टरांचं बोलणं ऐकून रिपोर्ट कोण टाईप करतं, तेच बघायला तर येताहेत. त्यांच्यासमोर टाईप करायचंय मला.

धाकटी : माहितेय. मीच बोलावलंय त्यांना.

ताई : तू?

धाकटी : पेशंटचे रिपोर्ट आहेत. औषधाच्या आकड्यात एक शून्य जास्त पडलं तर कुणाच्या तरी जिवावर बेतायचं. बघू देत त्यांना तुझे हात.

ताई : आजवरच्या कामात एक चूक दाखव माझी.

धाकटी : नाही दाखवता येत. म्हणून तर त्यांना बोलावलं.

ताई : काय वाकडं केलं गं मी तुझं? आई गेल्यावर मी सांभाळलं तुला. टायपिंगही मीच शिकवलं.

धाकटी : शिकवलंस. आणि कुणीही आलं की सांगायचीस, 'हिची बोटं मठ्ठ आहेत, हिला फक्त फोन घ्यायला ठेवलीय.' माझ्या सासूबाईंसमोरसुद्धा. सगळे हसायचे. सगळ्यांत आधी तू.

ताई : थट्टा होती ती.

धाकटी : तुझी होती. मी खाली मान घालून फोन घेत राहिले. या दवाखान्याचं काम त्याच फोनवर बोलून बोलून मी मिळवलं. कौतुक तुझ्या वाट्याला.

ताई : चुकलं माझं. मोठी असून पाया पडते तुझ्या. पण आज परक्या माणसांसमोर माझी शोभा करू नकोस. मला दुसरं काही येत नाही गं.

धाकटी : तेही माहितेय.

(खाली गाडी थांबते. जिन्यावर पावलं वाजतात.)

ताई : हात बघ, आणखीच कापायला लागले. दोन मिनिटांचं काम आहे. टाक ना गं.

धाकटी : सांगितलं ना, नंतर. घोटभर पाणी पी आणि खुर्ची पुढे घे.

ताई : आणि त्यांनी मला नको म्हटलं तर?

धाकटी : तर मग टाकायची गरजच नाही.